बैल पुढनं ओढत्यात

"मी जीपमध्ये बसणार न्हाई," आक्कानं फोनवर सांगितलं. एवढंच. आप्पानं फोन खाली ठेवला आन् ताटावरनं उठला. नाचणीची भाकरी तशीच पडली. अव्वा, आमची आई, म्हणली, "आता तुमचं काय आणि?" तर म्हणला, "भूक मेली."

आक्का म्हणजे शिल्पाक्का, माझी थोरली भन. तिला दिलीय बाजारकुणंगच्या अंगाला, धरणाच्या पाण्यापल्याड. आम्ही अल्याड, सुप्याजवळ. मध्ये नुस्तं पाणी. काठावर उभं ऱ्हायलं की तिच्या वाडीचा डोंगर दिसतोय, हाक मारली तर ओ देईल आसा. पण रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला आन् जंगलाला वळसा. आन् रस्ता कसला, म्हशी लोळतील आसले खड्डे.

गेल्या साली ती पयल्या बाळंतपणाला माहेरी येत हुती, जीपमधनं. पाऊस संपत आलावता. वाटेत जीप चिखलात रुतली, ढकलून काढली, धक्के खात घरी आणली. पोर काय ऱ्हायलं न्हाई. दांडेलीच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "धक्क्यानं न्हवं हो, आधीच आत काहीतरी बिघडलं हुतं." त्या म्हणल्या ते म्हणल्या. आक्काच्या डोक्यात ती जीप बसली ती बसलीच.

आता परत आठवा लागलाय. अव्वा म्हणती, हेच तिचं पयलं बाळंतपण, आन् पयलं माहेरीच. त्यात तिच्या वाडीत दवाखाना न्हाई, अडीनडीला गाडी न्हाई. हिकडं आणली तर दवाखाना हाकेवर. आणायची तर कशी? जीप नको. चालत येणार न्हाई. ऱ्हायली बोट.

मी फोन वडून घेतला. म्हणलं, "आक्का, बोटीतनं न्हेते तुला."

"तुझी ती बोट?" आक्का म्हणली. "तूच सांगितलंवतंस की, तिच्यात बसलं की दात वाजत्यात म्हणून. मग ती बी जीपच की गं."

मला आसा राग आला. तिचा न्हवं, बोटीचा. म्हणलं, "ऐक. तांब्याभर पाणी घेते. काठोकाठ. बोटीत खाली ठिवते. फुल्ल पळवते. एक थेंब सांडला न्हाई तरच तुला न्ह्यायला येते. न्हाईतर न्हाई येत. शपथ."

 आक्का म्हणली, "काठोकाठ?"

"काठोकाठ."

"बरं," म्हणली.

बोट आमची न्हवं. दत्तप्रसाद शेटची. त्यांचं पाण्याकाठी रिसॉर्ट हाय, आप्पा तिथं राखण करतो आन् बोट बी त्योच चालवतो. त्याच्या संगं मी. शाळा मी नववीत सोडली. सर म्हणायचे, ह्या पुतळीला डोळे हायत पण बूड न्हाई, एका जागी टेकतच न्हाई. खरं हाय ते. पण बोटीत मी टेकते, कारण बोटच हलत आसती.

ह्या बोटीला दोन इंजिनं. दोन्ही मागच्या बाजूला, बोटीच्या पोटात. आन् प्रत्येक इंजिनाचा एकेक लोखंडी पाय मागनं पाण्यात सोडलेला. पायाच्या तळाला पंखा. पंखा फिरतो, पाणी मागं ढकलतो, बोट पुढं जाती. हँडल फिरवलं की दोन्ही पाय बरोबरीनं वळत्यात, कारण त्यांच्या टाचा एका आडव्या बारनं जोडलेल्या. बारला दोन्हीकडं आटे. फिरवला की लांब हुतो, उलटा फिरवला की आखूड. लांब केला की टाचा लांब जात्यात आन् पायांचे चवडे आत येत्यात. आखूड केला की उलटं.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तवा एक पाय बुडक्याला लागला. धरणाच्या तळाला जुनं जंगल हाय न्हवं, झाडांची बुडकी तशीच उभी हायत. बार वाकला. गोव्याच्या मिस्त्रीनं नवीन बार घातला, डोळ्यानंच अंदाज घेतला, आन् गेला. तवापास्नं बोट डावीकडं वडती, थरथरती, आन् डिझेल तर म्हशीनं पेंड खावी तसं खाती. मिस्त्री पुढच्या म्हयन्यात येतो म्हणला. पुढच्या म्हयन्यात आक्काला नववा.

आप्पानं शेटला इचारलं. शेट आप्पाला नावानं हाक मारून म्हणले, "गणपती, सरळ चालवून दाखव, मग खुशाल आण लेकीला. मला बी नाताळाच्या आधी बोट पायजेच."

सकाळी आप्पा बोट काठाला उथळ पाण्यात घिऊन उभा. पाना खांद्यावर, नांगर खांद्यावर घ्यावा तसा. बोटीच्या मागं जाऊन वाकून बघतोय.

मी म्हणलं, "काय बघतोयस?"

"जू," म्हणला.

"जू कुठलं?"

"ह्योच की." बारवर हात ठेवला त्यानं. "दोन बैल आन् मध्ये जू. बैल फाकाय लागले की काय करतो आपण? तोंडं आत बांधतो. दावं आखूड करून. मग एका तासात चालत्यात."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, तवा पटलं. आप्पाच्या हाताखाली गावातली निम्मी खोंडं शिकलीत. आडमुठी, मारकी, बसकी, सगळी. भाताच्या खाचरात आप्पाचा नांगर बघायला माणसं थांबायची. त्यानं बार फिरवून लांब केला. पायांचे चवडे आत आले, दोन बोटं तरी. मागं सरून मान वाकडी करून बघितलं, जोडी बघतो तसं.

"आता बघ," म्हणला.

तांब्या मी घरनं आणलावता, पितळंचा, अव्वानं चिचंनं घासलेला. काठोकाठ भरला, बोटीच्या मधोमध ठिवला. आप्पानं रेस वाढवायची दोन्ही दांडकी पुढं सारली.

बोट पळाय लागली की पाण्यावर उठायला पायजे, ती उठलीच न्हाई. नाक वर करून आडून बसली, पाण्यात ढेकळं आसल्यागत. रेस वाढवली तर सगळं अंग थडथडाय लागलं, फळ्या, पत्रा, माझी हनुवटी. तांब्या नाचत नाचत कडंला गेला आन् आडवा झाला. सगळं पाणी माझ्या पायावर. मोबाईलवर स्पीड बघितलं तर पयल्यापरास कमी.

"आनखीन आत घ्यायला पायजे," आप्पा म्हणला.

"आनखीन?" म्हणलं.

"बैल नवा आसला की दावं लई आखूड लागतं."

मी मागं बघितलं. मी नेहमी मागं बघती. शाळेत बी सर फळ्यावर आसायचे आन् मी खिडकीबाहीर. बोटीच्या मागं फेसाच्या दोन वाटा दिसत हुत्या, एकेका पंख्याची एकेक. त्या शेजारी शेजारी जायला पायजेत न्हवं? त्या फाकल्यावत्या. जितकं मागं जावं तितक्या लांब लांब. दोन भावांनी भांडून वायल्या चुली मांडाव्यात तशा.

आप्पानं काठाला आणून बार आनखीन लांब केला. परत तांब्या भरला. परत आडवा. आप्पा परत पाना घ्यायला वाकला आन् मग माझं डोकं फिरलं.

"अरे बैल पुढनं ओढत्यात!" मी वरडले. "बैल पुढनं ओढत्यात आप्पा, हे मागनं ढकलतंय! हे बैल न्हवंत! तुला सगळ्यात बैलच दिसत्यात! आक्का तिथं बसलीय वाट बघत आन् तू हितं नांगर मारायलायस पाण्यात!"

रिसॉर्टचा स्वयंपाकी बी बाहीर आला बघायला.

 आप्पा उलटून बोलला आसता तर बरं झालं आसतं, मी आनखीन भांडले आसते. त्यानं पाना फळीवर ठिवला, हळू, आवाज न करता. पाण्यातनं बाहीर आला आन् काठावरच्या मत्तीच्या झाडाखाली जाऊन बसला. पाठ माझ्याकडं.

मी बोटीत बसून मोबाईल काढला. आदल्या दिवशी एक व्हिडिओ बघितलावता, परदेशातला एक बुवा ह्याच जातीच्या बोटीजवळ उभा राहून सांगतोय. त्याचं बोलणं मला कळत न्हाई, वेगानं बोलतोय, पण हात कळत्यात. त्यो टेप लावत हुता. दोन्ही पायांच्या पुढच्या कडंला एकदा, मागच्या कडंला एकदा. दोन्ही मापं सारखी आली की अंगठा वर. पण आधी आप्पाचंच बरोबर वाटलंवतं मला, म्हणून बोलले न्हवते.

अव्वा जेवण घिऊन आली. गिरजा नाव तिचं, पर आप्पा तिला 'अगं ए' सोडून कायच म्हणत न्हाई. तिनं झाडाखाली बघितलं, बोटीत बघितलं.

"कोण कुणाला बोललं?"

"मी."

"मग तूच जेवायला हाक मार त्येला."

"मी न्हाई मारत."

"बरं," अव्वा म्हणली, आन् डबा माझ्या मांडीवर ठिऊन खाली फळीवर बसली. तिला कुणाला समजवायला येत न्हाई. ती नुस्ती बसती. मग उठावंच लागतं.

मी झाडाखाली गेले. डबा मध्ये ठिवला. आप्पा भात कालवत ऱ्हायला, खाईना.

"ढकलायचं मला म्हाईत हाय, पुतळे," म्हणला. माझ्याकडं न बघता. "म्हाईत न्हाई आसं न्हाई."

मी डबा त्याच्याकडं सारला.

"गेल्या साली जीप रुतली तवा मी आन् धाकलू मागनं ढकलत हुतो." धाकलू म्हणजे आमचे दाजी, आक्काचा नवरा. "मी डाव्या कोपऱ्याला, त्यो उजव्या. चिखल कसला, गुडघाभर. पाय घसरायचा म्हणून मी खांदा आत घातला. त्यानं बी आत घातला. मी त्येला ढकलतोय, त्यो मला ढकलतोय. जीप हितंच. दोघांचं रगात आटलं पण जीप हलंना. आन् मग त्येचा पाय घसरला. त्यो पडला, माझा जोर सगळा एकाच अंगाला. जीप सुटली ती वाकडी, जाऊन बांधावर आदळली." भाताचा घास हातातच. "आत ती हुती."

मत्तीचं एक वाळकं पान डब्यात पडलं. ते मी काढलं.

"डॉक्टरीणबाई म्हणल्या न्हवं त्येनं न्हाई म्हणून," मी म्हणलं.

"म्हणल्या की."

"मग?"

"मग काय. बैलांचं बोलाय बरं वाटतं."

मला अशा वेळी काय बोलायचं ते येत न्हाई. शाळेत शिकवत्यात का कोण जाणे, नववीपर्यंत तरी शिकवलं न्हाई. मी म्हणलं, "आप्पा, खांदा आत घातला की ढकलणं वाया जातंय न्हवं?"

"जातंय. निम्मं एकमेकावरच."

"मग हितं बी तेच झालंय. चवडे आत घालून दोघं एकमेकालाच ढकलायलेत. बोट हितंच."

आप्पानं माझ्याकडं बघितलं. मग पाण्याकडं. मग घास तोंडात घातला. चावला, गिळला.

"सरळ पायजेत," म्हणला.

"व्हय."

"चवड्याला जेवढं अंतर, टाचंला तेवढंच."

"व्हय! ऊठ आता."

"जेवू दे की बये."

टेप काय कुठं मिळाला न्हाई. आप्पानं बांबूची काठी तोडली, सरळ, हातभर जास्त. म्हणला, चौकट बसवताना आसंच करत्यात, वर एकदा लावायची, खाली एकदा लावायची. मी कमरंएवढ्या पाण्यात उतरले. पायांच्या पुढच्या कडंला काठी धरली, नखानं खूण केली. मग तीच काठी मागं. मागं तर तीन बोटं जागा शिल्लक. आप्पा वरनं बार आखूड करत गेला, मी खालनं वरडत गेले, आनखी, आनखी, बास, जरा माघारी. पाणी गार, बोटं सुरकुतली. शेवटी काठी पुढं बसली तशीच मागं बसली.

"बसली?"

"बसली."

"हात लावून बघ."

"बसली म्हणलं न्हवं!"

"बरं बरं, वाघीण."

परत तांब्या. बोट ह्या वेळी उठली, चांगली उठली, नाक खाली आलं. आप्पाच्या भुवया वर गेल्या. पण आजून डावीकडं वडतच हुती, आन् तांब्यातलं पाणी कडंनं टिपं टिपं सांडत हुतं. मी मागं बघितलं. फेसाच्या वाटा आता शेजारी शेजारी, पण डावी वाट उंच उडत हुती. कारंज्यागत. उजवी खालनं गुळगुळीत.

"डावा पाय वर हाय," मी म्हणलं.

"काट्यात तर सारखे दावतंय." पाय वर-खाली करायला बटण हाय, आन् किती वर ते सांगायला दोन काटे. दोन्ही एकाच जागी.

"काटा खोटं बोलतोय. फेस कशाला खोटं बोलंल?"

आप्पा हसला. सकाळपास्नं पयल्यांदा. डावं बटण दाबून पाय खाली घेतला, मी मागं बघून सांगितलं, आनखी, आनखी, हां. दोन्ही फेस एका उंचीचे झाले. आप्पानं हँडलवरचे हात काढले. बोट आपली सरळ चालली. काट्यावर आप्पानं शेंदराचं बोट लावून ठिवलं, ह्यो खरा म्हणून.

पण उभ्या बोटीत सरळ बसलेले पाय पळताना तसेच ऱ्हात न्हाईत, हे आम्हाला नंतर कळलं. जोरात ढकललं की सगळ्या जोडात जी थोडी ढिल आसती ती एका अंगाला जाती. म्हणून बार आर्धा आटा फिरवायचा, पळवायचं, मोबाईलवर स्पीड बघायचं. वाढलं तर आनखी आर्धा. कमी झालं तर माघारी. दुपार सगळी त्यातच गेली. मी पाण्यात उतर, वर चढ, उतर, चढ. एकदा स्पीड वाढलं, आनखी एकदा वाढलं, मग एकदम पडलं. तवा आर्धा आटा माघारी घिऊन, बार हलू नये म्हणून चेकनट आवळला. आप्पानं आवळला, मग मी आवळला, मग परत आप्पानं. दोघांचा बी दुसऱ्यावर इश्वास न्हाई.

तांब्या आता सांडत न्हवता. पण पाण्यावर गोल गोल कड्या उठायच्या, थांबायच्या, परत उठायच्या. आन् इंजिनांचा आवाज मोठा हुयाचा, बारीक हुयाचा. वंव... वंव... वंव... इंजिनांच्या फेऱ्या मोजायच्या मीटरवर दोन्ही काटे सारखे. मला काय कळंना, आप्पाला काय कळंना.

काठाला आलो तर अव्वा तिथंच. म्हणली, "कांडण चुकतंय तुमचं."

"काय?"

"दोघी जणी एका उखळात कांडायला लागल्या की एकीचं मुसळ पडतं तवा दुसरीचं वर पायजे. एक जरा जरी घाईची आसली की कधी दोन्ही एकदम पडत्यात, कधी लांब पडत्यात. धाड-धाड, मग धड... धड, मग परत धाड-धाड. तसं ऐकाय येतंय पार हितपर्यंत. एकीला जरा दम खायला सांगा."

आप्पानं तिच्याकडं आसं बघितलं, जसं काय ती आत्ताच तिच्या माहेरास्नं, नंदिगड्ड्यास्नं, नवरी हुन आलीय.

"अगं ए," म्हणला, "बस बोटीत."

अव्वा पयल्यांदा बोटीत बसली. पदर डोक्यावरनं कानामागं खोवला आन् डोळे मिटले. आप्पा डावं दांडकं केसभर मागं घ्यायचा, अव्वा मान हलवायची, न्हाई. जरा पुढं. न्हाई. वंव... वंव... लांबत गेलं, वंव........ वंव................ आन् मग गेलंच. एकच आवाज ऱ्हायला, सपाट, धरणावरच्या वाऱ्यासारखा. अव्वानं हाताचं बोट वर केलं.

मी तांब्यात बघितलं. मला माझं तोंड दिसलं. नाकावरचा चिखल सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठल्यावर निघालो. अव्वानं ओटी बांधून दिली, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. पोटुशी बाई पाण्यावरनं आणायची तर पाण्याची ओटी भरायला पायजे. ती घरीच ऱ्हायली, गरम पाणी तापवायला.

पल्याड काठावर आक्का खुर्चीत बसलीवती. दाजींनी प्लास्टिकची खुर्ची वाडीवरनं डोक्यावर आणलीवती. आक्काचं पोट बघून मला हसू आलं आन् काय काय आलं. ती माझ्याकडं बघत न्हवती. बोटीकडं बघत हुती.

"तांब्या कुठाय?"

"ह्यो काय." उचलून दावला. "अल्याडनं हिकडंपर्यंत आलाय. बघ."

तिनं वाकून बघितलं, बोट घालून बघितलं. काठोकाठ. "वाटेत भरला न्हाईस न्हवं?"

"तुझ्या पोटची शपथ."

"माझ्या पोटची शपथ घ्यायची न्हाई," आक्का म्हणली, आन् उठायला हात पुढं केला. पण पाय उचलंना. पाण्याच्या कडंला येऊन तशीच उभी ऱ्हायली. 

आप्पा बोटीतनं उतरला. "बस खुर्चीत," म्हणला. ती बसली. आप्पानं खुर्चीचा डावा हात धरला, धाकलू दाजींनी उजवा. दोघं एकमेकाकडं बघंनात. त्या जीपनंतर ह्या दोघांनी मिळून कायच उचललं न्हवतं, भावकीतल्या लग्नात मांडव सुद्धा न्हाई.

"धाकलू," आप्पा म्हणला, "खांदा आत घालायचा न्हाई."

दाजींनी मान वर केली.  मग म्हणले, "न्हाई मामा. सरळ."

दोघं पाण्यात चालले, मांडीएवढ्या पाण्यात, पाऊल टाकायच्या आधी पाऊल चाचपत. मी बोट धरून उभी. खुर्ची हलली न्हाई. खरंच न्हाई. आक्काला फळीवर बसवली, पाठीला उशी, दोन्ही बाजूला दोघं. तांब्या तिच्या पायाशी.

बोट मी चालवली. आप्पानंच सांगितलं, "तू घे." त्याचे हात भिजलेवते, कारण तेवढंच. मी दोन्ही दांडकी पुढं सारली, डावं केसभर मागं. वंव... वंव........ मग सपाट. आक्का तांब्याकडं बघत बसली. पाण्याकडं न्हाई, डोंगराकडं न्हाई, नवऱ्याकडं न्हाई. मी बी एक डोळा पुढं, एक तांब्यावर.

मध्यावर आमची जुनी वाडी हाय. म्हणजे पाण्याखाली हाय. धरण झालं तवा आप्पा लहान हुता. आमची घरं, देऊळ, खाचरं सगळी खाली. आप्पा तिथं आलं की इंजिन बारीक करायला लावतो. कुणी पाहुणा इचारतो का म्हणून, तर म्हणतो, खाली माणसांची घरं हायत, डोक्यावरनं बोंबलत जायचं न्हाई.

मी इंजिनं बारीक केली. बोट सरकत ऱ्हायली. आप्पानं ओटी काढली. आक्कानं हळदकुंकू सोडलं, तांदूळ सोडले, नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. त्यो तरंगत मागं गेला. मग तिनं वाकून तांब्या उचलला.

"आक्का, हळू, सांडंल!" मी वरडले.

तिनं तोंडाला लावला आन् घटाघट आर्धा प्याली. गळ्यावरनं वघळ आला. उरलेलं आर्धं पाण्यात वतलं, खालच्या घरास्नी. रिकामा तांब्या माझ्याकडं दिला.

"आगं, आता मला कसं कळणार?" म्हणलं. "आर्धी वाट हाय आजून! सांडला का न्हाई कसं बघायचं?"

"आता कशाला बघायचंय?" आक्का म्हणली. "मी बसलीय न्हवं."

मग तिनं एकदम पोटाला हात लावला. आप्पाचा चेहरा पांढरा पडला. दाजी आर्धे उठले.

"बसा की," आक्का म्हणली. "लाथा मारतंय. पाणी प्याले म्हणून." तिनं माझा हात धरला, इंजिनाच्या दांडक्यावरचा, आन् पोटावर ठिवला. आतनं एक टाच आली, आन् परत तिथंच. "बघ की पुतळे. एकाच अंगाला ढकलतंय. डावीकडंच."

"बार फिरवाय पायजे," मी म्हणलं.

आप्पा हसाय लागला. तोंडावर हात ठिऊन, आवाज न करता, खाली घरं हायत म्हणून. हसता हसता डोळं पुसाय लागला, आन् दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठिवला आन् काढला न्हाई. मी एका हातानंच दोन्ही दांडकी पुढं सारली. दुसरा हात आक्का सोडत न्हवती.